खडीत फुलणारी डेझी

आज एका चिवट रोपाची ओळख करून घेऊ. ही ब्लॅकफूट डेझी. टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि उत्तर मेक्सिकोतल्या चुनखडीच्या उघड्या माळांवर ती आपोआप उगवते आणि वर्षानुवर्षं टिकते. उंची वीत-दीड वीत. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळा गोंडा, आणि नाक जवळ नेलं की मधासारखा गोड वास!

तिकडचे बागप्रेमी दगडांच्या बागेत ती हौसेनं लावतात. खताचा मोह मात्र टाळायचा. खडी, भरड वाळू, दिवसभराचं ऊन, एवढं तिला पुरतं. मूळ धरेपर्यंत पाणी द्यायचं, मग हात आखडता घ्यायचा. दुष्काळ ती सोसते. मुळाशी साचलेलं पाणी मात्र तिला कुजवतं. हिवाळा सरता सरता निम्मी छाटली, की वसंतात ती पुन्हा गच्च फुटते.