दहा राग, एक रुपेरी यंत्र

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही १९८२ची तबकडी २०१०मध्ये पुन्हा निघाली आणि अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत शिकागोच्या आधी मुंबईत जन्मले, असा बोलबाला झाला. हा दावा टिकत नाही. शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढले, ते ही तबकडी ऐकून, असा काही पुरावा नाही. मग साम्य आले कुठून? दोन्हीकडे रोलँडचे टीबी-३०३ हे खर्जाची साथ देणारे छोटे रुपेरी यंत्र होते. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि मींडेवर पोसलेल्या कानाला ती भावणारच. नकलेचा संशय फिटला तरी कोणी म्हणेल, मग या जुन्या तबकडीचे एवढे कौतुक कशाला? कारण वर भैरवाचे सूर आणि खाली ३०३ची सरपटती साथ, ही जोडी दुसरीकडे कुठे ऐकायची?