नखाची किंमत



गेंड्याचं शिंग आणि आपल्या बोटाचं नख ही एकाच पदार्थाची बनलेली असतात. त्याचं नाव केराटिन. आपले केसही त्याचेच. तरीसुद्धा त्या शिंगापायी गेंड्याचा जीव घेतला जातो. शिंग म्हणजे औषध नव्हे, हे जगाला सांगण्यासाठी आसाम सरकारनं सप्टेंबर २०२१ मध्ये बोकाखात इथं सुमारे अडीच हजार शिंगं जाहीरपणे जाळली. पहारा आणि लोकांची साथ यांमुळे काझीरंगात २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजले गेले.

तुम्ही म्हणाल, तळेऱ्यातल्या माणसाला गेंड्याचं काय पडलंय? मुंबई-गोवा महामार्गावरचं आमचं गाव. इथून एक रस्ता विजयदुर्गाला जातो, दुसरा गगनबावड्यावरून कोल्हापूरला. इथं गेंडा कुठला? पण त्याच केराटिनची खवलं अंगावर वागवणारा एक जीव आमच्या जांभ्याच्या सड्याखाली राहतो. खवले मांजर. नाव मांजर, पण मांजराशी नातं काही नाही. तोंडात दात नाहीत. लांब चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी खायची, एवढंच त्याचं काम. वाळवीनं घराचे वासे पोखरलेला माणूसच या कामाचं मोल जाणेल.

काही वर्षांपूर्वी पहाटे सड्यावर फिरताना मला ते दिसलं. शेपटीच्या बुडाशी पिल्लू बसलेलं. बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं त्याला. मी कवी माणूस, हरखलो. कविता लिहिली आणि एका कार्यक्रमात वाचली. वाचण्याआधी मोठ्या हौशीनं सांगितलंही, कुठला सडा, कुठल्या काजूखालचं बीळ. टाळ्या पडल्या.

पंधरवड्यानं शेजारचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. "चाचानू, तुमी सांगलात तां बीळ कोणीतरी खणल्यान."

मी जाऊन पाहिलं. ताज्या मातीचा ढीग आणि फावड्याचे घाव. कोणी खणलं, ते सापडलं की निसटलं, मला आजवर कळलेलं नाही. पत्ता मात्र मी दिला होता. ती कविता मी पुन्हा वाचलेली नाही.

या प्राण्याचा बचावच त्याचा घात करतो. संकट आलं की ते अंगाचा चेंडू करतं. बिबट्याला तो सहजी उलगडत नाही. माणूस मात्र तो उचलून पोत्यात घालतो. त्याची खवलं चोरट्या वाटांनी देशाबाहेर जातात. २०१७ पासून खवले मांजरांच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. २०२० मध्ये चीननं आपल्या अधिकृत औषधकोशातून ही खवलं वगळली. आपल्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीला आहे. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. तरी लाखांच्या अफवा उठतात आणि एखादा बेकार पोरगा त्या आशेनं रात्री सडा धुंडाळतो. पैसा दलालाकडे जातो, खटला पोराच्या वाट्याला येतो.

गेंडा दिवसा गवतात उभा दिसतो, त्याची मोजदाद होते. हा जीव रात्रीचा. तो संपला तरी आपल्याला उशिराच कळेल. म्हणून राखण गावानंच करायला हवी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं रत्नागिरी जिल्ह्यात हे काम गावांना सोबत घेऊन चालवलं आहे. २०२० साली चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात या प्राण्याचा उत्सव झाला.

आपण निदान एवढं करू. खवले मांजर दिसलं तर लांबून पाहू या. फोटो काढलात तर जागा कुणाला सांगू नका. कुणी भाव विचारत आलं, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

शेजारचा तो मुलगा परवा पुन्हा आला होता. हसून म्हणाला, "चाचानू, रात्री एक दिसला." कुठं, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.