फुकट म्हणून येतात का?

(आरोग्यसेवकांच्या वार्षिक वर्गात फिरत्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी केलेलं भाषण)



गेल्या दिवाळीनंतर शहरातले एक देणगीदार आपला फिरता दवाखाना पाहायला आले होते. रांग पाहून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, फुकट आहे म्हणून येतात हो ही माणसं. दहा रुपये लावा, निम्मी रांग कमी होईल." तुम्हाला राग येईल, पण मला ते पटलं होतं. पुढच्या बैठकीत दहा रुपये केसपेपरचा ठराव मीच मांडणार होतो.

ठरावाला उदाहरण हवं म्हणून रजिस्टर काढलं. धडगावकडच्या एका पाड्यावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा दोन महिन्यांत सहा वेळा आला होता. तक्रार एकच, हातपाय ठणकतात, सुई द्या. आमच्या गाडीत त्याचं नावच 'सुईवाला' पडलं होतं. रजिस्टर चाळताना दिसलं की सहाही वेळा आम्ही सुई दिली होती आणि एकदाही रक्त तपासलं नव्हतं. सातव्यांदा आला तेव्हा सिस्टरनी बोट टोचून सोल्युबिलिटी चाचणी केली. पुढे इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल आला. सिकलसेल, एसएस. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलेला पूर्ण आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. सातपुड्यात हा आजार आहे, यावर मी स्वतः तुमचे वर्ग घेतलेत!

दहा रुपये आधीच लावले असते, तर तो सातव्यांदा आला असता का? ठराव मी फाडला.

नको ते उपचार होतच नाहीत, असं मी म्हणत नाही. सलाईनचंच घ्या. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. पाच चमचे साखर किंवा चमचाभर मीठ! जुलाब-उलट्यांनी माणूस गळला असेल आणि तोंडाने काही टिकत नसेल तर ही बाटली जीव वाचवते. नुसत्या थकव्याला तिचा उपयोग नाही. तरी बाजाराच्या गावी ती लावून घ्यायला लोक कोंबड्या विकतात. ही ओढ पाड्यावर उगवलेली नाही, ती दवाखान्यांनी लावली. त्यात मीही आलो.

आणि मोठे उपचार? ते रुग्ण कुठे ठरवतो? २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार कार्डावर. २०१२ च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमधून बातम्या येऊ लागल्या, की या कार्डावर गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्या जात आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२३ मध्ये न्यायालयाने राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. त्या बाया कागदावर 'लाभार्थी' होत्या. बरं, हे फुकटामुळे झालं म्हणावं, तर बीडकडे पाहा. तिथे २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणींनी त्यासाठी उचल घेतली होती, कर्ज काढलं होतं.

पैसे लावून काय होतं, हे अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात प्रयोग करून पाहिलं गेलं. रँड नावाच्या संस्थेने काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत दिले, काहींना वाटा उचलायला लावला. वाटा उचलणारे कमी वेळा गेले, हे खरं. पण गरजेच्या आणि बिनगरजेच्या, दोन्ही फेऱ्या सारख्याच घटल्या. आणि ज्या गरिबांना रक्तदाबाचा आजार होता, त्यांचा रक्तदाब मोफत उपचारांत जास्त आटोक्यात राहिला.

तेव्हा आपल्या गाडीत आता एकच नियम केला आहे. तीच तक्रार घेऊन कोणी तिसऱ्यांदा आला, की रजिस्टरवर लाल खूण करायची, सुईला हात लावायचा नाही, आधी बसवून विचारायचं आणि रक्त तपासायचं. रांग यामुळे वाढते. वाढू द्या, आपण उशिरा घरी जाऊ.

तो मुलगा येतो अजून. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नेतो, आणि सुईही मागतो. परवा नाही म्हटलं तर रुसला. गोळ्या मात्र मोजून घेतल्या, एक कमी होती ती मागून घेतली.