वकिलाविना ग्रिशम

अमेरिकन कादंबरीकार जॉन ग्रिशम म्हटलं की कोर्ट, वकील आणि मागावर असलेली माणसं, हे समीकरण ‘द फर्म’पासून पक्कं झालेलं. पण 2001 मध्ये त्यांची ‘अ पेंटेड हाउस’ आली आणि तिच्यात औषधालाही वकील नव्हता! 1952 सालचं आर्कान्सा, कापूस वेचणीचे दिवस आणि गोष्ट सांगणारा सात वर्षांचा ल्यूक. ग्रिशम यांचं बालपणही त्याच भागातलं.

वाचक बुचकळ्यात पडले. ‘गोष्ट सुरू कधी होणार?’ असं विचारणारे अनेक. वेगवान कथानकाची सवय लागलेल्याला कापसाची ओळ संपता संपत नाही, हे खरंच. काहींना मात्र हाच ग्रिशम जास्त जवळचा वाटला. पुस्तक खपलं भरपूर. त्यात नावाचा वाटा होताच.

मला विचाराल तर तक्रार अर्धीच खरी. या कादंबरीतही खून आहे आणि तो पाहिल्याचं ओझं त्या पोरावर आहे. फक्त इथे उलटतपासणी नाही, पोर मनातच कुढतं. दिवसभर वेचणी करून रात्री घरचे सगळे ओसरीवर बसतात, खरखरत्या रेडिओवर आवडत्या बेसबॉल संघाच्या सामन्यांचं समालोचन ऐकत. ल्यूक पैसे साठवतोय ते त्याच संघाच्या जॅकेटसाठी. शेवटी ते जातात घराच्या रंगात. मी स्वतः रेडिओवाला म्हणून असेल, पण मला त्या ओसरीवरून उठावंसंच वाटलं नाही.