मुंबईत उतरावे कोठे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज मी जो विषय घेऊन आपणांपुढे उभा आहे, तो ऐकून कित्येकांस नवल वाटेल. ज्ञातीच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, हुंडा, उद्योगधंदा यांविषयी बोलण्याचा आपला परिपाठ आहे. त्या मानाने ‘मुंबईस गेल्यावर कोठे उतरावे’ हा प्रश्न किरकोळ वाटणे साहजिक आहे. तथापि आपल्या गावोगावच्या कुटुंबांत मुंबईस कधीच जावे न लागणारे कुटुंब विरळाच. कोणी मुलाच्या मुलाखतीसाठी जातो, कोणी कोर्टाच्या तारखेसाठी, कोणी परदेशी असलेल्या मुलीकडे जाण्याचा व्हिसा काढण्यासाठी. आणि पुष्कळजण घरच्या आजाऱ्याला घेऊन जातात. अशा वेळी मुक्कामाची जागा चुकली, तर पैसा आणि वेळ तर जातोच, परंतु आजाऱ्याच्या अंगातील उरलेसुरले बळही प्रवासातच संपते. यास्तव या प्रश्नाचा विचार सर्वांनी मिळून करावा, असे मला वाटते.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हा प्रश्न फारसा पडत नसे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, पुढे गिरण्यांचे भोंगे वाजू लागले, आणि गावोगावची माणसे मुंबईस लोटली. जो तो आपल्या माणसांत उतरे. कोकणातील कित्येक गावांनी लालबाग-परळच्या चाळींतून गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे माणसे तेथे आळीपाळीने झोपत, आणि प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लागलेली असे. गोव्यातील ख्रिस्ती गावकऱ्यांनी धोबीतलाव, माझगाव या बाजूस ‘कूड’ या नावाने आपापल्या गावाची निवासस्थाने चालविली. निरनिराळ्या ज्ञातींनी ज्ञातिगृहे आणि धर्मशाळा बांधल्या. लोकमान्य टिळकांसारखे थोर पुढारीदेखील मुंबईस आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मुक्काम करीत; १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसान झाले तेही तेथेच. त्या काळी कचेऱ्या, बाजारपेठ, गिरण्या आणि आपल्या लोकांची वस्ती हे सारे ट्रामच्या टप्प्यात होते. त्यामुळे आपल्या माणसांजवळ उतरणे म्हणजेच कामाजवळ उतरणे, असा सहज मेळ बसत असे.

हा मेळ आता मोडला आहे. ट्राम १९६४ साली बंद झाली. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची कळा पालटली. जागांचे भाव वाढत गेले आणि आपली माणसे हळूहळू उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकली. आज आपल्या ज्ञातीची कुटुंबे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, विरार, पनवेल येथे अधिक आढळतील. मोठी रुग्णालये, उच्च न्यायालय आणि मंत्रालय मात्र जुन्या मुंबईतच राहिली. चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. म्हणजे आपल्या माणसांकडे उतरणारा पाहुणा आज कामापासून पुष्कळदा एका जिल्ह्याइतका लांब जाऊन पडतो. जुनी सवय तीच राहिली, परंतु तिच्या खालची जमीन सरकली, ही गोष्ट आपण नीट ध्यानी घेतली पाहिजे.

मुंबईची रचना समजून घेतल्यास निवड सोपी होते. हे शहर दक्षिणोत्तर लांबट असून रेल्वेच्या मार्गांवर ओवलेले आहे. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विरार अशी जाते; मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण अशी जाते; हार्बर मार्ग वडाळा, कुर्ला, वाशीवरून पनवेलला पोहोचतो. येथे अंतर मैलांनी मोजून भागत नाही. आपले काम ज्या मार्गावर आहे त्याच मार्गावर मुक्काम असला, तर वीस किलोमीटरही जवळ वाटतात. मार्ग बदलावा लागला, तर पुलांचे जिने, गर्दी आणि गाडीची वाट पाहणे यांत पाच किलोमीटरही भारी होतात. ज्याचे काम दोन मार्गांवर विभागलेले असेल त्याने दादर पाहावे, कारण पश्चिम व मध्य रेल्वेचा तेथे मेळ आहे. मध्य आणि हार्बर या दोहोंशी संबंध असणाऱ्यास कुर्ला सोयीचे.

दुसरी गोष्ट गर्दीच्या दिशेची. सकाळी मुंबईचा लोंढा दक्षिणेकडे वाहतो आणि संध्याकाळी उत्तरेकडे परततो. बदलापूर किंवा विरारला उतरून सकाळी नऊच्या सुमारास परळ गाठू पाहणारा पाहुणा या लोंढ्याच्या ऐन मध्यात सापडतो. रोजच्या प्रवाशाला त्याची सवय असते; परगावच्या माणसाला, विशेषतः वृद्धाला वा आजाऱ्याला, गाडीत शिरणेही अशक्य होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचे प्रभादेवी, या स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली, हे आपण विसरू नये. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, तेव्हा गाड्या कमी धावतात. रविवारी प्रवास योजणाऱ्याने आधी चौकशी करावी.

तिसरी गोष्ट वाहनाची. रिक्षा पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेकडे शीवपर्यंतच चालते. त्याच्या दक्षिणेस टॅक्सी आणि बेस्टची बस. परळला उतरून रिक्षा शोधत उभे राहणारे परगावचे लोक पुष्कळ दिसतात. पावसाळ्याचाही विचार हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा पाऊस नेहमी होत नाही, परंतु हिंदमाता, शीव, किंग्ज सर्कल येथील सखल रस्त्यांवर जोराच्या पावसात पाणी साचते आणि गाड्या खोळंबतात. ज्याला पावसाळ्यात ठरल्या वेळी डॉक्टरपुढे हजर व्हायचे आहे, त्याने पायी पोहोचता येईल अशीच जागा पाहावी.

आता कामागणिक पाहू. उच्च न्यायालय, मंत्रालय वा बँकांच्या मुख्य कचेऱ्यांत काम असेल तर फोर्ट, धोबीतलाव, गिरगाव या भागांत उतरावे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे; त्यांची मुंबईची फेरी पुष्कळ अंशी वाचली. अमेरिकेची वकिलात २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्या कामासाठी वांद्रे, कुर्ला, सांताक्रूझ या बाजूस राहणे बरे. सहार वा सांताक्रूझच्या विमानतळावरून पहाटेचे विमान गाठायचे असेल तर आदली रात्र अंधेरी किंवा विलेपार्ले येथे काढावी. कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण खुली झाली. ती गिरगाव, दादर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि विमानतळ यांना एका दोरीत ओवते. त्यामुळे आपले पूर्वज जेथे उतरत ते गिरगाव पाहुण्याला पुन्हा सोयीचे झाले आहे.

सर्वांत महत्त्वाचा विषय रुग्णांचा. परळला टाटा स्मारक रुग्णालय, के. ई. एम. रुग्णालय आणि वाडिया यांची प्रसूतीची व मुलांची रुग्णालये एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. के. ई. एम. १९२६ पासून आणि टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. कर्करोगाचे उपचार एका भेटीत उरकत नाहीत. तपासण्या, अहवाल, शस्त्रक्रिया, औषधांच्या फेऱ्या यांत आठवडे आणि महिने जातात. किरणोपचार तर बहुधा आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागतात. अशा रुग्णाला रोज दोन-अडीच तास जाताना आणि तितकेच येताना लोकलमधून नेणे म्हणजे औषधाने मिळविलेले बळ प्रवासात गमावणे होय. त्याच्या प्रतिकाराची शक्ती आधीच क्षीण झालेली असते. गर्दीतील साधा खोकलाही त्याला महाग पडतो. रात्री एकाएकी ताप चढला, तर कल्याणहून परळला पोहोचेपर्यंत काय होईल, याचा विचार घरातील कर्त्या माणसाने आधीच केला पाहिजे. तेव्हा परळच्या रुग्णाने परळ, लालबाग, दादर, नायगाव, शिवडी या पट्ट्यातच जागा पाहावी. खोली लहान असली तरी चालेल, जिने थोडे असावेत, पाणी आणि संडास जवळ असावा, आणि पथ्याचे चार घास शिजविण्याची मुभा असावी. उपचार खारघरच्या टाटा केंद्रात असतील तर मात्र परळचा हट्ट धरू नये. तेथे नवी मुंबईच सोयीची.

अशा जागा मिळत नाहीत असे नाही. परळला नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवा सदनाची वास्तू आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. अन्यही संस्था हे कार्य करतात. तेथे जात विचारीत नाहीत. रुग्णाचे कागद विचारतात. प्रवेशासाठी बहुधा रुग्णालयातील समाजसेवा विभागाचे पत्र लागते, म्हणून पहिल्याच दिवशी त्या विभागात जाऊन नाव नोंदवावे. जागा मर्यादित आणि रुग्ण अगणित असल्यामुळे थांबावे लागते, हे खरे. टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर बिहार, बंगालपासून आलेली कुटुंबे चादरी अंथरून रात्र काढतात, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला मुक्कामाचा प्रश्न किरकोळ आहे असे पुन्हा वाटणार नाही.

बंधुभगिनींनो, येथवर जे सांगितले ते समजण्यास कठीण नाही. मग आपली माणसे तसे का वागत नाहीत? याचे उत्तर नकाशात सापडणार नाही. ते आपल्या नात्यांत आहे. चुलत्याचे घर डोंबिवलीस असताना लॉजमध्ये उतरलो तर चुलते काय म्हणतील, मावशीला राग येईल, गावी चर्चा होईल, या धास्तीने माणूस आजाऱ्याला घेऊन पन्नास किलोमीटर लांब जातो. इकडे त्या घरची परिस्थिती काय असते? दोन खोल्या, मुलांची परीक्षा, नवराबायको दोघेही पहाटे घराबाहेर पडणारी. पाहुणा संकोचाने दबलेला असतो, आणि यजमान आपली ओढाताण बोलून दाखवू शकत नाही. महिना लोटला की प्रेमाची जागा कुरबुरीने घेतली जाते, आणि ज्या नात्यासाठी हा खटाटोप केला तेच नाते दुखावते. यात कोणाच्या मनात खोट नसते, दोष रिवाजाचा आहे.

म्हणून माझी मुंबईकर ज्ञातिबांधवांना विनंती आहे की, गावचा नातलग रुग्णालयाजवळ उतरला तर त्याचा विषाद मानू नका. उलट तुम्हीच त्याला तसे आग्रहाने सांगा. पहिले पत्र वा दूरध्वनी आला की ‘आमच्याकडेच या’ या शब्दांआधी ‘काम कोठे आहे?’ असे विचारा. मग रविवारी डबा घेऊन भेटा, एक रात्र रुग्णाजवळ बसून त्याच्या सोबत्याला झोप मिळू द्या, रक्ताची गरज असेल तर दोन तरुण पाठवा. हा पाहुणचार घरी ठेवून घेण्यापेक्षा कमी प्रतीचा नाही. आणि गावच्या मंडळींना विनंती की, नातलगाने असा सल्ला दिला तर तो आपल्याला टाळतो आहे असे समजू नका.

मंडळाकडेही माझे एक मागणे आहे. नवी वास्तू बांधण्याची मोठी भाषा आज करण्याचे कारण नाही. तिला लागणारा पैसा आपल्याजवळ नाही. परंतु प्रत्येक उपनगरातील दोन-दोन स्वयंसेवकांची यादी करणे, रुग्णालयांजवळच्या धर्मशाळांची प्रत्यक्ष जाऊन चौकशी करून ती माहिती दरवर्षी ताजी ठेवणे, आणि गरजू रुग्णाच्या पहिल्या पंधरा दिवसांच्या भाड्यासाठी लहानसा निधी उभारणे, एवढे आपल्या आवाक्यात आहे. हा निधी आपल्या सभासदांच्या वर्गणीतून निघेल, तरी त्याच्या दाराशी आलेल्या दुसऱ्या ज्ञातीच्या रुग्णाला रिकाम्या हाती परत पाठवू नये, असे माझे मत मी येथे स्पष्टपणे नोंदवितो. ज्या धर्मशाळांत आपल्या माणसांना आज आसरा मिळतो, त्या उभारणाऱ्यांनी आपली जात पाहिली नव्हती.

पूर्वजांनी मुंबईत आपल्या माणसांसाठी खोल्या घेतल्या, कारण त्या काळची अडचण त्यांनी ओळखली. आजची अडचण ओळखून त्याप्रमाणे वागणे हेच त्यांचे खरे ऋण फेडणे होय. या सूचनांचा कार्यकारी मंडळाने येत्या बैठकीत विचार करावा, अशी माझी विनंती आहे.