आकडा कितीपैकी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., आणि गणिताशी सख्य बेताचेच. तरीही २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत बुटीबोरीतले शेजारीपाजारी माझ्याकडे कविता ऐकायला नव्हे, तर पेपरातला आकडा समजून घ्यायला येत. "चाचा, आज आपल्याकडे किती निघाले?" हा रोजचा प्रश्न. त्यातला 'आपल्याकडे' हा शब्द फार अवघड होता. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

नागपुरात पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये सापडला. पुढे वर्तमानपत्रांत रोज जिल्ह्याचा आकडा येऊ लागला आणि त्याचे तीन रकाने असत: शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरील. बुटीबोरी कागदावर ग्रामीण. पण आमच्या एमआयडीसीत काम करणारे कितीतरी लोक रोज सकाळी नागपूरहून वर्धा रोडने येतात आणि पाळी संपली की परत जातात. म्हणजे ग्रामीणचा आकडा लहान दिसला म्हणून आम्ही निर्धास्त व्हावे, अशी स्थिती नव्हती. शहराचा रकानाही आमचाच होता.

लोकांनी आपापली मापेही शोधून काढली होती. चौकातला चहावाला ॲम्ब्युलन्सचे भोंगे मोजायचा. आता बुटीबोरीला वर्ध्याचा रस्ता आणि हैदराबादचा महामार्ग एकत्र येतात. वर्धा, हिंगणघाट, चंद्रपूरकडचे गंभीर रुग्ण नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोकडे नेताना इथूनच जायचे. त्यामुळे भोंगे वाढले तर तो बुटीबोरीचा आजार नव्हता, तो अर्ध्या विदर्भाचा होता. पेपरातला 'जिल्ह्याबाहेरील' हा रकाना आमच्या चौकात कानांनी ऐकू येत होता, असे म्हणा ना.

कारखान्यातली पोरे पाळीला किती जण गैरहजर आहेत ते मोजत. हे माप मला अधिक खरे वाटे, कारण ते आधी कळायचे. पण त्यातही खोट होती. कंत्राटी कामगाराला खाडा पडला की मजुरी बुडते. अंगात ताप असला तरी गोळी घेऊन तो पाळीला उभा राही. तपासणीलाही तो जाईना, कारण पॉझिटिव्ह निघाला तर चौदा दिवस चूल कशी पेटायची? जो तपासला गेला नाही तो आकड्यात आला नाही.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये नागपूरचे सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा हे भाग रोज बातमीत होते. दाट वस्ती, लहान घरे, एकाच नळावर अनेक कुटुंबे. तिथे आजार पसरला हे खरेच. पण तिथून शेकडो माणसे विलगीकरणात नेली गेली, त्यांची तपासणी झाली. जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडेल, हा साधा हिशेब आहे. त्या दिवसांत मात्र अनेकांनी तो आकडा वस्तीचा न मानता जमातीचा मानला. माझ्या नावावरून माझ्याकडेही लोक दोन पावले लांबून बघू लागले होते. तोंडाला रुमाल सगळ्यांनीच बांधला होता, पण नजर कळायचीच. आकडा चुकीचा वाचला तर काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न असे: कितीपैकी? शंभर जणांची तपासणी होऊन वीस निघाले आणि दुसऱ्या दिवशी पन्नास जणांतून बारा निघाले, तर आकडा वीसवरून बारावर आला. पण शेकड्याचे प्रमाण वीसवरून चोवीसवर गेले. रविवारी तपासण्या कमी होत, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला आकडा पडलेला दिसे आणि लोकांना हायसे वाटे. त्यापेक्षा सात दिवसांची सरासरी काढावी, हे बरे. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने निर्बंध उठवण्यासाठी जिल्ह्यांचे पाच स्तर ठरवले, तेव्हाही नुसती रुग्णसंख्या धरली नाही. पॉझिटिव्हिटीचा दर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा यांवर स्तर ठरवले.

दुसरा प्रश्न: कधीचा? एप्रिल २०२१ मध्ये रमजान सुरू झाला तेव्हा दुसरी लाट ऐन भरात होती. तरावीह आम्ही घरीच पढलो. मे महिन्यात आकडा उतरू लागला, पण पेपरातले निधनवार्तांचे पान काही कमी होईना. लोक म्हणत, सरकार लपवते आहे. पण लागण झाल्यापासून मृत्यूपर्यंत बहुधा दोन-तीन आठवडे जातात. ते पान मागच्या लाटेचे होते.

त्याच सुमारास एक शेजारी विचारायला आला. मुलीचा निकाह ठरला होता. सरकारने पंचवीस माणसांची आणि दोन तासांची मर्यादा घातली होती. तो म्हणाला, "चाचा, आता उतरलंच आहे, घरचे म्हणून शंभर बोलावले तर काय होते?" मी त्याच्यापुढे कागद घेऊन बसलो. समजा, शंभरात एकालाच लागण आहे. मग पंचवीस जणांत निदान एक तरी असा असण्याची शक्यता शेकडा बावीस येते. शंभर जण जमले तर ती शेकडा त्रेसष्टवर जाते. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अम्मी ऐंशीची आहे." निकाह अंगणात झाला, माणसे मोजून वीस. बाकीच्यांना शिरखुर्म्याचे डबे घरपोच गेले. काही नातेवाईक अजून रुसलेले आहेत.

तिसरा प्रश्न: यात कोण नाही? देशाच्या जन्म-मृत्यू नोंदणीत २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले. २०२१ साली ते १ कोटी २ लाखांवर गेले. ही वाढ सगळीच कोरोनाची म्हणता येत नाही. पण त्या वर्षी करोनाचे म्हणून अधिकृतपणे मोजलेले मृत्यू तिच्या मानाने फार थोडे आहेत. घरी गेलेली, तपासणीविना गेलेली माणसे या फरकात आहेत. त्यांच्या घरी ती मोजलेलीच होती.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरी पावसाळ्यात डेंग्यू येतोच, आणि त्याचे आकडेही पेपरात येतात. तेव्हा एवढेच विचारा: कितीपैकी, कधीचा, कुठला, आणि यात कोण नाही? त्याला बी.ए. असावे लागत नाही. आणि आकड्यावरून कुणा वस्तीकडे बोट दाखवण्याआधी तिथे नळ किती घरांत आहे, तेही विचारा.