निरोप घेऊन जा : बालवाडीतल्या लेकरांच्या कणखरपणाविषयी

(वडीगोद्री येथे मंडळीचे सभासद आणि कार्याचे हितचिंतक यांच्यासमोर केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे संक्षिप्त करून.)



आपल्यापैकी काही जण आज जालन्याहून अंबडमार्गे आलात, काही गेवराईकडून शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडून आलात. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच रस्त्याने ऊसतोडीच्या टोळ्या जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, बाज, शेळी, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं. आपण गाडीच्या काचेतून पाहतो, क्षणभर हळहळतो आणि पुढे जातो. आज मी त्या ट्रॉलीतल्या आणि तिच्यामागे गावात राहिलेल्या तीन ते सहा वर्षांच्या लेकरांबद्दल बोलणार आहे. ती आपल्या पायावर उभी कशी राहतात, आपण त्यांना काय शिकवतो आणि त्यांच्याकडून आपल्याला काय शिकायचे आहे, याबद्दल.

सुरुवात माझ्या चुकीने करते.

बालवाडीचे काम सुरू केले तेव्हा माझ्या मनात दया खूप होती. भिल्ल वस्तीवरची एक चार वर्षांची मुलगी आमच्याकडे येई. मी तिचे तोंड धुवायचे, केस विंचरायचे, बटणे लावायचे, खिचडीचा घास भरवायचे. ती गप्प बसून राही. वर्गात एक शब्द बोलत नसे. मला वाटले, लेकरू बुजरे आहे, बुद्धीने थोडे मागे आहे. तसे मी वहीत लिहूनही ठेवले होते.

एक दिवस मला यायला उशीर झाला. दाराशी आले तर ही मुलगी आत सगळ्यांना ओळीने बसवत होती. माठातले पाणी ओगराळ्याने काढून एकेकाला देत होती. एक पोरगा रडत होता, त्याला मांडीवर घेऊन थोपटत होती. मी दारातून आत आले. तिने मला पाहिले, ओगराळे ठेवले, जागेवर जाऊन बसली आणि तोंड उघडले. घास भरवायला!

बंधू-भगिनींनो, मला त्या दिवशी फार लाज वाटली. घरी चूल फुंकणारी, धाकट्याला कडेवर घेणारी ही मुलगी माझ्यासमोर मात्र लुळी होऊन बसत होती, आणि तिला तसे बसायला मीच शिकवले होते. माझ्या दयेला एक दुबळे लेकरू हवे होते, म्हणून ती माझ्यासाठी दुबळी झाली.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट ज्यांनी फार आधी ओळखली त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेले. अनुताई बालविधवा होत्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत कपाळ पांढरे झाले. कणखरपणा हा शब्द त्यांनी पुस्तकातून शिकलेला नव्हता.

या दोघींनी बालवाडी काढली तेव्हा लेकरं आपणहून येईनात. मग त्या स्वतः वस्तीच्या अंगणात जाऊन बसल्या, आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. मोठी मुले धाकट्यांना सांभाळतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणली. तिचे नाव विकासवाडी. पोरे गुरांमागे जातात हे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. विकतची खेळणी परवडत नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया हेच साहित्य झाले. लेकराला जे येते तिथून सुरुवात, अशी त्यांची रीत होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाडी पोहोचली, त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

आपल्या मंडळीतही ही परंपरा आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा फ्रोबेल यांची बालोद्यान पद्धत त्यांना इतकी भावली की ती त्या शिकून आल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना त्यांनी नुसते जेवू घातले नाही, हाताला काम आणि मनाला उभारी दिली. आपल्या जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवले, तेही लोकांनी आपल्या कष्टावर उभे राहावे म्हणूनच. तेव्हा आजचा विषय आपल्याला परका नाही.

आता आमच्या बालवाडीत काय बदलले ते सांगते. फार मोठे काही नाही.

माठ खाली ठेवला, लेकराच्या हाताला येईल असा. पाणी सांडते, सांडू दिले. शेजारी फडके ठेवले, ज्याने सांडले त्याने पुसायचे. चपला दाराशी जोडीने लावायच्या. ताटली स्वतः घ्यायची, खाऊन झाल्यावर स्वतः विसळायची. तूर, हरभरा, मूग एकत्र करून देतो, ते निवडून वेगवेगळ्या वाट्यांत टाकायचे. यात बोटांना वळण लागते, आणि पुढे पेन्सिल धरायला तीच बोटे कामी येतात. बटण लावायला एखाद्याला दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांत मी माझे हात पदरात गुंडाळून बसते, कारण ते आपोआप पुढे जातात. बाईने थांबणे हे बालवाडीतले सर्वांत अवघड काम आहे.

लेकरू पडले की आम्ही धावत जाऊन उचलत नाही, आणि "काही नाही झालं, रडू नको" असेही म्हणत नाही. कारण झालेले असते. आम्ही जवळ बसतो आणि विचारतो, "कुठं लागलं? दाखव बरं." ते दाखवते, रडते, आणि बहुतेक वेळा स्वतःच उठते. रडू आले तर रडणारे लेकरूही कणखर असू शकते. रडून झाल्यावर कुणाकडे जायचे हे त्याला माहीत असले की पुरे.

इथे एक सावधगिरीचा शब्द. "आदिवासींची लेकरं मुळातच काटक, त्यांना सवय असते," असे काही जण मला कौतुकाने सांगतात. जरा जपून. पाच वर्षांच्या मुलीने स्वतःचे केस विंचरले, तर ते स्वावलंबन. तिनेच दिवसभर सहा महिन्यांच्या भावाला उसाच्या फडाच्या बांधावर सांभाळले, तर ते ओझे. दोन्हींत हात तिचेच, पण पहिल्यात ती वाढते आणि दुसऱ्यात तिचे बालपण खर्च होते. लेकरू सोसते आहे म्हणून त्याला आणखी सोसायला लावायचा परवाना आपल्याला मिळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत सुटका नाही. या व्यवस्थेवर बालवाडी हा उपाय नव्हे. न्याय मागायचे काम वेगळे आहे आणि तेही आपले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

टोळी निघते तेव्हा काही लेकरं आईबापाबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय असते, पण तीन-चार वर्षांचे पोर त्यात बसत नाही. मग ज्याला मागे ठेवायचे, त्याला झोपेत असताना सोडून जायची रीत पडली आहे. पहाटे ट्रॅक्टर येतो, माय हळूच उठते, गोधडी नीट पांघरते आणि निघते. तिच्या मनात वाईट नसते. लेकरू रडेल, आपला पाय निघणार नाही, ही भीती.

पण सकाळी लेकरू उठते आणि माय नाही. आजी म्हणते, "येईल संध्याकाळी." संध्याकाळ येते, माय येत नाही. मी पाहिले आहे, अशी लेकरं नंतर झोपायलाच घाबरतात. डोळा लागला की माणूस जाते, असे त्यांना वाटू लागते. बालवाडीत ती पदर सोडत नाहीत, नवे काही हातात घेत नाहीत. ज्याच्या पायाखालची जमीन एका रात्रीत सरकली, त्याला "तुझं तू कर" म्हणून काय उपयोग?

मला इथे हन्नाची आठवण येते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. दूध तुटल्यावर ती आपल्या लहानग्याला स्वतः शिलोला घेऊन गेली आणि एलीच्या हाती सोपवले. तिचा नवस होता आणि आमच्या मायांवर उचल आहे, दोन्ही सारखे नाही. पण तिने लेकरू एका माणसाच्या हाती दिले आणि दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेला. दर वर्षी तिला मनाने माप घ्यावे लागले असेल, आता केवढा झाला असेल, बाही किती ठेवू? आईची अशी आठवण अंगावर घेऊन शमुवेल वाढला. आपल्या प्रभूनेही जाण्याआधी शिष्यांना आपण जाणार हे सांगितले. ऐकून त्यांना दुःख होणार हे माहीत असूनही सांगितले.

विद्वानांचा अनुभवही निराळा नाही. एमी वर्नर या बाईंनी हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक वर्षे मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, आजारपण अशा अनेक अडचणींत जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश चांगली, जबाबदार माणसे झाली. त्यांच्यात एक गोष्ट ठळक दिसली. निदान एक तरी मायेचे, भरवशाचे मोठे माणूस त्यांच्या आयुष्यात होते. आई नाही तर आजी, मावशी, शेजारीण, शिक्षिका.

म्हणून आम्ही मायांना एकच विनंती करू लागलो, निरोप घेऊन जा. लेकराला जागे करा, जवळ घ्या, कुठे जाता ते सांगा, कोणाजवळ ठेवता ते सांगा, आणि रडू द्या. दिवाळी ते पाडवा साधारण वीस-बावीस रविवार होतात. तेवढे खडे मायने लेकराबरोबर वेचून एका डब्यात टाकायचे. दर रविवारी बालवाडीची ताई आजीच्या घरी जाते, लेकरू एक खडा दुसऱ्या डब्यात टाकते, आणि मग फोन लावायचा. मायचे एखादे जुने लुगडे उशाशी ठेवायचे.

एका मुलीची गोष्ट सांगून थांबते. तिचे खडे संपले आणि माय आली नाही. कारखान्याचा हंगाम लांबला होता. त्या रविवारी ती रिकामा डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या जिभेवर आले होते, "उद्या येईल हं." मी गिळले. म्हटले, "बाळा, ऊस अजून उभा आहे. मायला यायचंय, पण सुटी नाही. किती दिवस लागतील ते मला ठाऊक नाही." ती खूप रडली. आजीही रडली. मीही. मग ती अंगणात गेली, दोन खडे घेऊन आली आणि स्वतः डब्यात टाकले. म्हणाली, "एवढे बघू."

तिसऱ्या रविवारी माय आली. बाजारातून फ्रॉक आणला होता, तो आखूड झाला. माय त्या फ्रॉककडे पाहून रडायला लागली, तर ही म्हणाली, "रडू नको माय, मीच मोठी झाले."

प्रियांनो, मला आपल्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली, भेटीला याल तेव्हा लेकरांच्या हातात खाऊ कोंबू नका. त्यांच्याबरोबर खाली बसा, त्यांनी काढून दिलेले पाणी प्या आणि त्यांना घेऊ द्या तुमची काळजी. दुसरी, दर वेळी नवी खेळणी पाठवण्यापेक्षा ताईच्या मानधनाला हातभार लावा, म्हणजे तीच ताई पुढच्या वर्षीही राहील. लेकराला रोज नवे माणूस नको, तेच माणूस हवे. आणि तिसरी, रविवारच्या उपासनेत फडावरच्या मायांची आठवण ठेवा. त्याच रविवारी इथे कुणीतरी एक खडा मोजत असते.

आपण प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, ज्या लेकरांना आम्ही दुबळी समजलो त्यांच्यात तू बळ ठेवले आहेस. ते पाहायला आम्हांला डोळे दे, आणि ते वाढेपर्यंत थांबायला धीर दे. फडावरच्या मायांना सुखरूप घरी आण. येशूच्या नावाने मागतो. आमेन.